मरणाची भीती घातली की लोक नियम पाळतात?

‘भीती होती तोवर कोकणात लोकांनी कोरोनाचे नियम पाळले, भीती गेली नि सगळे बेफिकीर झाले. पुढच्या साथीत आधी भीती घाला.’ हा मजकूर सध्या बराच फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि पुढच्या साथीत माणसांच्या जिवावर बेतेल.

‘भीतीने गावं वाचली.’ बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून वाडीच्या तोंडावर बांबू आडवे टाकणं हा नियमच नव्हता. नियम होता विलगीकरणाचा. भीतीने लोक ताप लपवू लागले. घरात पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबला की तपासणी लांबते, तोवर घरभर लागण होते.

‘नियम मोडणारे निडर असतात.’ संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलंय, की धोका मोठा वाटला आणि उपाय हाताशी नसला, तर माणूस धोका सोडून नुसती भीती आवरत बसतो. ‘माका काय एक होवचा नाय’ (मला काही होणार नाही) हे त्यातूनच येतं. म्हणून आधी उपाय हातात द्या. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावण्यापूर्वी नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा चुकतो. पाच मिनिटं बसून मोजा, मग घरातच ६ मिनिटं चालून पुन्हा मोजा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा ३ हून जास्त उतरला तर लगेच दवाखाना. बसल्या जागी दम लागत असेल तर चालायचंच नाही, थेट दवाखाना.

‘चाकरमानी मरणाला न घाबरता गणपतीला आले.’ उलट आहे. ग्रीनबर्ग, सॉलोमन आणि पिश्चिन्स्की हे मानसशास्त्रज्ञ १९८६ पासून सांगत आलेत, की मरण आठवलं की माणूस आपली माणसं, आपले विधी घट्ट धरतो. २०२० चा नियम याला धरून होता: १२ ऑगस्टपर्यंत गावात पोचा, १० दिवस वेगळे राहा, २२ ला चतुर्थी. १२ नंतर निघणाऱ्याला चाचणी. गणपती सुटत नव्हता, म्हणून नियम पाळण्याजोगा होता.

‘प्रेताला भ्यायलाच हवं होतं.’ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचना वाचा. पिशवीची चेन उघडून कर्मचाऱ्यांनी चेहरा दाखवायला, मंत्र म्हणायला, तीर्थ शिंपडायला परवानगी होती. मनाई होती ती अंघोळ घालायला, मिठी मारायला. राखेपासून धोका नाही, ती गोळा करता येते, हेही त्यातच होतं. हे एवढंसं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं असतं, तर घरच्यांनी अस्थी आणायला पाय मागे घेतला नसता.