कोल्डड्रिंक, वनस्पती तूप आणि सुनेवर फुटणारं खापर

"कोल्डड्रिंक पिणाऱ्या मुलींना मूल होत नाही. वनस्पती तूप गर्भपिशवीत साचून नळ्या बंद करतं. त्यापेक्षा उसाचा रस, फळांचे रस प्या. तीन महिने पाळा, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही." हा मेसेज नाशिकमध्ये सोसायटीच्या, भिशीच्या, नात्यागोत्याच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो. बाकीचं मात्र खोडून काढायलाच हवं.

पहिला मुद्दा "मुलींना" या शब्दाचा. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या 3,828 स्त्रिया आणि 1,045 पुरुष जोडीदार यांचा अभ्यास 2018 मध्ये मांडला. रोज निदान एक गोड सोडा, म्हणजे कोल्डड्रिंक, पिणाऱ्या स्त्रियांमध्ये दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसली. पुरुषांमध्ये ही घट 33 टक्के होती. एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत घट आणखी मोठी दिसली, पण ते पिणारे लोक अभ्यासात थोडेच होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळीत जागं राहायला रोज कॅन फोडणाऱ्या नवऱ्याबद्दल हा मेसेज अवाक्षर काढत नाही. सासरी बोलणी खाते ती लग्नात एक ग्लास कोल्डड्रिंक घेतलेली सून. मला याची चीड येते.

शिवाय शक्यता कमी होणं म्हणजे मूल न होणं नव्हे. वेळ जास्त लागू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. रोज सोडा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. संशोधकांनी त्यांचा हिशेब धरला, तरी अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण पक्कं ठरत नाही.

आता वनस्पती तूप. खाल्लेली चरबी आतड्यात पचते आणि रक्तात जाते, गर्भपिशवीत तिचे थर बसत नाहीत. नळ्या बहुधा जंतुसंसर्गानं बंद होतात आणि आपल्या देशात त्यामागचं एक मोठं कारण जननेंद्रियांचा क्षयरोग आहे. तूप सोडून तो बरा होत नाही, त्याला औषधंच लागतात.

खरा धोका आहे ट्रान्स फॅटचा, म्हणजे तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणाऱ्या चरबीचा, आणि तो स्त्रीबीज सुटण्याशी जोडलेला आहे. अमेरिकी परिचारिकांच्या 2007 च्या अभ्यासात, रोजच्या उष्मांकातले 2 टक्के पिष्टमय पदार्थांऐवजी ट्रान्स फॅटमधून आले, तर बीज न सुटल्यामुळे होणाऱ्या वंध्यत्वाचा धोका 73 टक्क्यांनी जास्त आढळला. 2,000 कॅलरींच्या आहारात हे प्रमाण जेमतेम साडेचार ग्रॅम भरतं. ट्रान्स फॅटमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, असं संशोधकांना वाटतं. इन्सुलिन वाढलं की बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि पाळी लांबते. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या मुलींना हे चक्र चांगलंच ठाऊक आहे.

पण वनस्पती तूपही पूर्वीचं राहिलेलं नाही. जानेवारी 2022 पासून भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे. मला जास्त काळजी वाटते ती मिसळीवरच्या फरसाणाची आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या कढईतल्या तेलाची. कॉलेज रोड असो की पंचवटी, काळं पडलेलं तेल दिसलं तर तिथलं तळण खाऊ नका.

उसाच्या रसाचं थोडक्यात सांगते. बॉस्टनच्या अभ्यासात फळांच्या रसाचा विशेष संबंध दिसला नाही, हे खरं. पण रसवंतीतल्या मोठ्या ग्लासात साखर कोल्डड्रिंकइतकीच असू शकते. पीसीओएस किंवा मधुमेह असेल तर तो कोल्डड्रिंकला पर्याय नाही. आपल्याकडे द्राक्षं पिकतात, ती बेतानं आणि चावून खावीत.

सगळ्यात घातक ओळ मेसेजमधली शेवटची, तीन महिने पाळून दवाखाना टाळण्याची. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे नवऱ्यानं रोजचा सोडा आज सोडला तर फरक कळायला तेवढा काळ द्यावाच लागेल. म्हणून दवाखाना टाळायचा, असं मात्र नाही. बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावं. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग झाला असेल तर तेवढंही थांबू नये. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी, बिनदुखीची आणि कमी खर्चाची असते. सुनेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर झोपवण्याआधी मुलाचा हा रिपोर्ट हातात असायला हवा.