धोंडिराम या नावाचा अर्थ

आज विट्याजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या मुलाचे बारसे झाले. पाहुणे परत गेले, मी माहेरीच मुक्कामाला आहे, आणि रात्रीचे अकरा वाजले तरी डोके शांत होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्या म्हणून माझा होता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झाले, कुर्रर्र झाले, पाठीत धपाटेही यथासांग मिळाले. नाव ठेवले 'रेयांश'. मग वहिनीच्या थोरल्या भावांनी, जे कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहेत, मोबाईल काढून त्याचा अर्थ सर्वांना वाचून दाखवला: सूर्यकिरणाचा अंश. इथपर्यंत सगळे ठीक होते. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या माझ्या आजोबांच्या फोटोकडे गेली, त्याखालचे नाव त्यांनी मोठ्याने वाचले, आणि म्हणाले, "बरे झाले, पणजोबांचे नाव पुढे चालवले नाही. धोंडिराम! पोरगा दगडच निघाला असता की!"

हातात घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन सगळे हसले. माझा भाऊ हसला. फोटोखालीच बसलेली, नव्वदीकडे झुकलेली माझी आजी, जिने साठ वर्षांच्या संसारात उखाणा सोडला तर नवऱ्याचे नाव कधी उच्चारले नाही, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त राग तिचाच आला.

पाहुण्यांनो, आता दगडाचेच ऐका. माझे आजोबा १९३१ साली अधिक आषाढात जन्मले. या अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल असे मी मानत नाही, कारण त्याच महिन्यात जावई म्हणून ताटातले तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे तुम्ही विनातक्रार स्वीकारता. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव कुणी धोंडिराम ठेवले, कुणी अधिकराव, आणि ज्या घरात पोथी होती तिथे पुरुषोत्तम, कारण त्या महिन्याचे ते तिसरे नाव. महिना एकच आहे. त्यातल्या पुरुषोत्तमला नमस्कार होतो आणि धोंडिरामला हसू येते. शिवाय काही घरांत धोंडो या नावाचे नाते धुंडिराज या गणपतीच्या नावाशी जोडतात, ते वेगळेच. ज्या धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, त्यांचे नाव वाचताना कुणाला धोंडा आठवल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि समजा, धोंडिराम म्हणजे दगडच. मग काय बिघडले? आजोबांच्या आधी झालेली दोन मुले माझ्या पणजीने पुरली होती. तिसरा जन्मला तेव्हा तिने त्याला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत दिले आणि मूठभर जोंधळे मोजून परत विकत घेतले, म्हणजे तो तिचा नव्हताच, विकतचा होता, असे सटवाईला वाटावे. अशाच भीतीतून गावोगावी केरू, उकिर्डा, भिकू, कवडू आणि दगडू जन्माला आले. केरावर कुणाची नजर जात नाही, दगडाला मरण येत नाही. नावातून कौतुक करण्याची चैन त्या बायकांना परवडणारी नव्हती. ज्यांना त्या दगडूचे हसू येते, तेच लोक पुण्याला गेले की दगडूशेठ हलवायाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणपतीपुढे रांगेत उभे राहून हात जोडतात. तिथे मात्र दगडू चालतो.

आता 'रेयांश'. 'अंश' मला समजतो. शिवांश, देवांश ही नावेही समजतात. पण किरणाला 'रे' म्हणतात ते कोणत्या भाषेत? मराठीत आणि संस्कृतात मला जो 'रे' माहीत आहे तो 'अरे'मधला. इंग्रजी शब्दाला संस्कृत शेपूट जोडायचे, वर कुणीतरी मोबाईलमध्ये अर्थ लिहून ठेवायचा, आणि तो भक्तिभावाने वाचून दाखवत ज्याच्या नावाला खरोखरच काही अर्थ होता त्या माणसाची थट्टा करायची, हे मला सहन होत नाही. नाव कानाला गोड लागणे हेही नाव ठेवायला पुरेसे कारण आहे, हे मान्य. गोड वाटले म्हणून ठेवले म्हणा की मग. अर्थाच्या गप्पा कशाला?

आपल्या भागात तर कुणाचे नाव ऐकले की त्या घरचा देव कळतो. आरेवाडीच्या बिरोबाचा बिरू, खरसुंडीच्या सिद्धनाथाचा सिदू किंवा नाथा, पालीच्या खंडोबाचा मल्हारी. जोतिबाच्या यात्रेवरून ज्यांचे नाव जोतीराव ठेवले गेले, त्यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, आमच्या याच पाहुण्यांचे स्टेटस न चुकता असते. त्यांचे घराणे मूळ साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरल्यावर लोक त्यांना फुले म्हणू लागले. पाहुणे ज्या मालोजीराजांच्या नातवाचे, म्हणजे शिवरायांचे, पोवाडे ऐकतात, त्या मालोजीराजांनी शहाजी आणि शरीफजी ही आपल्या मुलांची नावे नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसावरून ठेवली, असे परंपरा सांगते. कुठल्या मोबाईलमध्ये हा अर्थ शोधणार आहात?

आडनावांबद्दलही तीच ऐट. पाहुणे चौगुले आहेत, आणि ते नाव सांगताना त्यांची मान थोडी वर होते. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस. त्यात कमीपणा काहीच नाही, पण मी त्यांच्या आडनावाचा अर्थ भर बारशात विचारला नाही, एवढी सभ्यता मी पाळली. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरच्या पाटिलकीमुळे डफळे झाले; फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. ज्यांना आपण क्रांतिसिंह नाना पाटील म्हणतो, त्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचे आडनाव पिसाळ. आडनाव म्हणजे कुठेतरी गाव, कुठेतरी काम आणि कुठेतरी वतन. ते चार पिढ्यांत बदलू शकते, आणि आपण मात्र त्याला जन्मापासून कपाळावर कोरलेले समजतो.

मी रयतच्या शाळेत शिकले. पाचवीत असताना कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील हे पूर्ण नाव फळ्यावर वाचून वर्गातली अर्धी मुले 'पायगोंडा'वर फिदीफिदी हसली होती, आणि हसणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करायला हवे. आमच्या गुरुजींनी छडी उचलली नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत रायगोंडा, बाबगोंडा, पायगोंडा अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांतला गोंडा म्हणजे कानडीतला गौड, गावचा प्रमुख, म्हणजे आपला पाटीलच. तेव्हा मला फार नवल वाटले होते, की एकाच माणसाच्या नावात पाटील दोनदा होता, एकदा कानडीत आणि एकदा मराठीत. आज कुणी गुरुजी तिथे असते तर बरे झाले असते. मी गुरुजींसारखी शांत नाही.

एवढे लिहून झाल्यावर मी उठून आजीकडे गेले. ती जागीच होती. मी जरा फणकाऱ्यानेच विचारले, "त्यांच्या नावाला सगळे हसत होते आणि तूही हसलीस?" ती म्हणाली, "हसू दी की गं. त्यास्नीबी हसू यायचं. नावाला हसल्यात, मानसाला न्हाई."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझं म्हायारचं नाव तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हते. आजी म्हणजे चंद्रभागा, एवढेच मला माहीत होते. तिचे माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. तीन मुलींच्या पाठीवर ती झाली, आणि तिचे नाव ठेवले नकुसा.

हे वाचणाऱ्यांपैकी साताऱ्याकडच्या लोकांना या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने याच नावाच्या अडीचशेहून अधिक मुली शोधून काढल्या आणि जाहीर कार्यक्रमात त्यांना नवी नावे दिली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळले होते, शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यावर तावातावाने बोललेही होते. ते नाव आमच्याच घरात, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होते, याचा मला पत्ता नव्हता.

वर मी जुन्या नावांची एवढी वकिली केली आहे, ती खोडत नाही, पण नकुसाला त्या रांगेत बसवता येत नाही. केरू आणि दगडू ही नावे मूल राहावे म्हणून ठेवली. नकुसा हे नाव असे मूल पुन्हा होऊ नये म्हणून ठेवले. धोंडूबाई आणि दगडूबाईही होत्या, मुलींसाठीही कुणी मरणाशी असा डाव खेळले, हेही खरे. तरी मुलाला नकोसा म्हणून हाक मारल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. आजीच्या पाठीवर मुलगा झाला. नावाने काम केले, असे घरात सगळे म्हणाले. आणि तो जगावा म्हणून त्याचे नाव ठेवले दगडू.

हे तिने अगदी सहज सांगितले, जणू शेजारच्या घरातले सांगावे. मी विचारले, "तुझी आईसुद्धा तुला त्याच नावाने हाक मारायची?" ती म्हणाली, "न्हाई. आय नुसतं 'बाय' म्हनायची. चारचौघांत बी बाय आन् घरात बी बाय."

लग्नानंतर सासरी मुलीचे नाव बदलण्याच्या रीतीविरुद्ध मी आजवर भांडत आले आहे. माझे स्वतःचे नाव मी बदलू दिले नाही, त्यावरून सासरी दोन वर्षे अबोला सोसला, आणि उद्याही तेच करीन. पण आजीच्या लग्नात वडीलधाऱ्यांनी आजोबांना, 'नाव काय ठेवायचे?' असे विचारले, तेव्हा त्या वर्षी दिंडीबरोबर पंढरपूरला जाऊन आलेला तो वीस-एकवीस वर्षांचा धोंडिराम क्षणभरही न थांबता 'चंद्रभागा' म्हणाला, हे ऐकून माझे भांडण आज रात्रीपुरते तरी गप्प झाले. जुने नाव त्यांनी नंतर कधी विचारले का, असे मी आजीला विचारले. ती म्हणाली, "ठावं हुतं त्यास्नी. कदी काडलं न्हाई."

पाहुण्यांवरचा राग थोडा उतरला आहे, पूर्ण नाही. ते माझ्या मित्रयादीत आहेत, हे वाचतीलच. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात त्यांनी जरूर यावे, अनारसे मी स्वतः करीन. मात्र त्याआधी फोटोखाली बसून माझ्या आजोबांचे नाव एकदा नीट, न हसता घ्यावे.

हे सगळे लिहू का, असे आजीला विचारूनच लिहिले आहे. ते माहेरचे नावही लिहू का, असे मुद्दाम विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही, पाळण्याची दोरी तेवढी ओढत राहिली. मग म्हणाली, "लिव. पर चंद्रभागाबी लिव. ते त्यांनी ठिवल्यालं हाय."