पहाटे तीनला संपवलेल्या कादंबरीबद्दल नाक कसं मुरडावं

पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि सहाशे बारा पानांची कादंबरी तुम्ही आत्ताच मिटली आहे. हवेली जळून खाक झाली. आजीबाईंनी आगीत उभं राहूनही किल्ल्यांचा जुडगा सोडला नाही. ज्याला सगळे धाकटा भाऊ समजत होते तो थोरल्या बहिणीचा मुलगा निघाला. तुमची उशी एका बाजूनं ओली आहे. इथवर सगळं ठीक आहे. पंचाईत उद्या होईल, कुणीतरी सहज विचारेल, "कशी वाटली?" तेव्हा.

खरं सांगून टाकण्याची उबळ येईल, ती दाबा. कुलूपबंद खोल्या, वादळी रात्री, मृत्युपत्रं आणि तीन पिढ्यांचं पाप असा ऐवज असलेली कादंबरी आवडणं हा गुन्हा नाही, पण आवडली म्हणून सांगणं भलतंच महागात पडतं. एकदा का तुमच्या तोंडून 'खिळवून ठेवलं' निघालं की पुढची दहा वर्षं तुम्ही कुठल्याही गंभीर पुस्तकाबद्दल बोलायला लागलात तरी समोरचा गालात हसणार. तेव्हा झाकली मूठ कशी झाकलेली ठेवायची, ते मी माझ्या दीर्घ अनुभवावरून सांगतो.

पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "मी सहसा असलं काही वाचत नाही." हे म्हटल्याशिवाय मत सुरूच करू नका. त्याला जोडून पुस्तक हातात कसं पडलं याची जबानी द्या. प्रवासात दुसरं काही नव्हतं, कुणीतरी विसरून गेलं होतं, पाहुण्यांच्या घरी कपाटात एवढंच होतं, यातलं काहीही चालतं. आजारपणाचं कारण सर्वांत भक्कम, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अभिरुचीची झडती कुणी घेत नाही. फक्त ताप किती दिवस होता ते सांगू नका. ही कादंबरी तीन भागांत आहे आणि तुम्हाला तिन्ही भागांतल्या नोकरांची नावं पाठ आहेत.

या वाक्याला मोठी परंपरा आहे. ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' १७९४ साली आली. किल्ला, खलनायक, अनाथ नायिका, सगळा सरंजाम तिच्यात आहे. या वेडाची टर उडवणारी जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७च्या डिसेंबरात निघाली. तिच्यातला जॉन थॉर्प हा आपला आद्यगुरू. नायिका त्याला विचारते, उडोल्फो वाचलीत का? तो म्हणतो, छे, कादंबऱ्या मी वाचतच नाही, मला दुसरे उद्योग आहेत. आणि पुढच्याच दमात सांगतो की वाचायचीच झाली तर ती त्या रॅडक्लिफबाईंची. आता उडोल्फो त्याच बाईंची आहे, हे त्या बिचारीला त्याच्या कानावर घालावं लागतं. यातून शिकायचं ते असं: न वाचल्याचा आव आणायचा असेल तर मुखपृष्ठ तरी नीट वाचून ठेवावं. त्याच कादंबरीतला हेन्री टिल्नी मात्र सरळ सांगून टाकतो की उडोल्फो मी दोन दिवसांत संपवली आणि तेवढा वेळ माझे केस उभे होते. तो नायक आहे, त्याला परवडतं.

शब्दांकडे वळू. 'भडक', 'बटबटीत' आणि 'अतिरंजित' हे तीन शब्द हाताशी ठेवा, पण एका वाक्यात तिन्ही नकोत. एवढा संताप आला की ऐकणाऱ्याला पुस्तक वाचावंसं वाटू लागतं. 'मला काही भिडली नाही' हे त्याहून सुरक्षित, कारण न भिडण्याचा पुरावा मागता येत नाही. अनुवाद वाचला असेल तर 'मुळातून वाचायला हवी' म्हणावं, आणि मूळ वाचलं असेल तर 'भाषा सुमार आहे' म्हणावं. 'वेळ घालवायला ठीक' हे बोलताना हाताची उलटी बोटं हवेत किंचित उडवायची असतात. आरशासमोर दोनदा करून बघा. हाच तो वेळ, ज्यात तुम्ही जेवायला उठला नव्हतात आणि दारावरची घंटा ऐकूनही ऐकली नव्हती.

यानंतर 'मला आधीच कळलं होतं' हा हुकमी एक्का. बंद खोलीत कोण आहे ते मला तिसाव्या पानावरच कळलं, असं सांगा. मग उरलेली पाचशे ब्याऐंशी पानं कशासाठी वाचलीत, असं आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. त्याची काळजी नको. काळजी घ्यायची ती तपशिलांची. आमच्या वाचकमंडळात एक गृहस्थ आहेत. वय साठीपुढे, चेहऱ्यावर सतत उपकार केल्याचा भाव. या कादंबरीवर बोलायला आम्ही जमलो तेव्हा पाय पसरून बसले आणि म्हणाले, "मी फक्त चाळली बुवा. आपला पिंड नाही." नंतर पाऊण तास चष्मा पुसत बसले होते. एक ताई सांगत होत्या, "आणि मग ती पितळी किल्ली घेऊन जिन्यावरून खाली येते तेव्हा..." गृहस्थांचा चष्मा पुसणारा हात थांबला. "लोखंडी," ते म्हणाले. ताईंनी वळून पाहिलं. "खोलीची किल्ली लोखंडी, हो. पितळी ती दागिन्यांच्या पेटीची. आणि खाली नाही येत ती, वर जाते. खाली येते ती तिची जाऊ, हातात कंदील घेऊन." खोलीत अशी शांतता पसरली की बोलायची सोय नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जरा वेळानं, कुणाकडेच न बघता, "असं चाळताना दिसलं," एवढं पुटपुटले. तेव्हा लक्षात ठेवा, समोरचा तपशिलात कितीही चुको, जीभ चावून गप्प बसायचं. किल्ली लाकडी होती म्हणाला तरी मान डोलवा.

वास्तवाचा मुद्दा हवा असेल तर तोही काढता येतो. "असं खऱ्या आयुष्यात घडतं का?" हा प्रश्न जळत्या हवेलीपुढे उभं राहून विचारायला मोठी मजा येते. डॉक्टर असाल तर विषाची मात्रा काढा. वकील असाल तर पर्वणीच. आजीबाईंच्या मृत्युपत्रावर नर्सची एकटीची सही आहे आणि निम्मी इस्टेटही तिलाच जाते, हे तुमच्या चाणाक्ष नजरेतून कसं सुटेल? इंग्लंडच्या १८३७च्या मृत्युपत्र कायद्यानुसार एकाच वेळी हजर असलेले दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला दिलेली देणगी रद्दबातल होते. म्हणजे नर्सला छदामही मिळायला नको, सगळा दुसरा भाग निराधार! हे ठणकावून सांगा. मात्र आडनावं, जन्मतारखा आणि कोण कुणाचा वारस याचा तक्ता पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तुम्हीच काढलाय, दोन ठिकाणी खोडून पुन्हा काढलाय, हे त्या भरात दाखवू नका. तसे तुम्ही एकटे नाही. 'वदरिंग हाइट्स'मधल्या दोन घराण्यांची वंशावळ, तारखा आणि जमिनीच्या वारशाचा कायदा हे सगळं सी. पी. सँगर नावाच्या बॅरिस्टरनं तपासून १९२६ साली छापून काढलं, आणि एमिली ब्राँटेचा हिशेब बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. आईचं आणि मुलीचं नाव एकच, कॅथरिन, म्हणून आपण वैतागतो. तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. याला प्रेम म्हणतात, पण आपण 'चिकित्सा' म्हणू.

मत देण्याआधी पुस्तकाचं वय बघायला विसरू नका. इथे भल्याभल्यांचे पाय घसरले आहेत. होरेस वॉल्पोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४च्या डिसेंबरात निघाली. पहिल्याच प्रकरणात, लग्नाच्या दिवशी, अंगणात कुठून तरी एक अवाढव्य शिरस्त्राण येऊन आदळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडला जातो. पुढे काय होणार याची कल्पना यावी. वॉल्पोलनं प्रस्तावनेत थाप ठोकली होती की हे नेपल्समध्ये १५२९ साली छापलेलं जुनं इटालियन पुस्तक असून आपण निव्वळ अनुवादक आहोत. 'मंथली रिव्ह्यू'च्या परीक्षकानं ते गोड मानून घेतलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलनं कबुली दिली, लिहिणारा मीच. त्यासरशी त्याच नियतकालिकाचा सूर पालटला. शिरस्त्राण तेच होतं आणि चिरडलेला नवरदेवही तोच. पण जुन्या माणसानं लिहिलं तर ती त्या काळाची श्रद्धा, आणि आजच्या माणसानं लिहिलं तर तो फाजीलपणा. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचं वादळ असेल तर 'प्रतीक' म्हणा, गेल्या वर्षीचं असेल तर 'क्लृप्ती'.

याच युक्तीची प्रगत आवृत्ती म्हणजे विद्वत्ता. १९७९ हे साल पाठ करून ठेवा. त्या वर्षी माळ्यावर दोन पुस्तकं सापडली. एक सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गूबर यांचं 'द मॅडवुमन इन द ॲटिक'. एकोणिसाव्या शतकातल्या लेखिका आणि त्यांच्या कल्पनेत कोंडलेली वेडी बाई यांवरचा जाडजूड समीक्षाग्रंथ. दुसरी व्ही. सी. अँड्र्यूजची 'फ्लॉवर्स इन द ॲटिक'. इस्टेटीपायी चार भावंडांना माळ्यावर कोंडून घालणारी आजी आणि पिठीसाखरेत कालवलेलं विष. पहिल्या माळ्याचा उल्लेख केलात की लोक तुम्हाला व्याख्यानाला बोलावतात. दुसऱ्या माळ्यावर तुम्ही शाळेत असताना, पांघरुणात टॉर्च लावून, चार रात्री मुक्काम केला होता. एक नाव घ्यायचं, दुसरं आठवायचं, असा नेम ठेवला की बोलण्यात आपोआप खोली येते. 'कोंडलेल्या स्त्रीत्वाचा अवकाश' म्हणताना तुमचा आवाज थोडा कापेलही. कापू द्या. लोकांना ते चिंतन वाटतं.

काहींना तुलनेचा सोस असतो: "यापेक्षा ब्राँटे वाचा की!" जरूर म्हणा, पण एका अमेरिकी मासिकानं १८४८ साली त्याच 'वदरिंग हाइट्स'विषयी काय लिहिलं होतं, ते कुणी काढणार नाही अशी आशा करा. असलं पुस्तक लिहायला घेतलेल्या माणसानं डझनभर प्रकरणं होण्याआधी जीव कसा दिला नाही, असं त्या परीक्षकाला कोडं पडलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात एमिली खरोखरच गेली, क्षयानं, तिशीत. तिच्या लिहायच्या पेटीत आपल्या कादंबरीच्या परीक्षणांची पाच कात्रणं निघाली. हे आठवलं की माझं नाक मुरडायचं काम दोन मिनिटं खोळंबतं. तुमचं खोळंबू देऊ नका.

रडण्याबद्दल थोडक्यात: ॲलर्जी. ताऱ्यांबद्दलही थोडक्यात: पाचपैकी अडीच. पाच दिलेत तर भाबडे, एक दिलात तर चिडलेले दिसता, आणि चिडलेला माणूस गुंतलेला असतो. त्यातला अर्धा तारा 'वातावरणनिर्मिती'साठी दिल्याचं सांगावं. आजीबाईंना म्हणून देऊ नका. त्यांच्यावर तुमचा जीव आहे हे लगेच ओळखू येतं.

शेवट न सांगण्याचं सौजन्य मात्र पाळा. ते फार अवघड नाही. "शेवट सांगत नाही, पण आगीत कोण राहतं ते बघा", एवढंच म्हणून थांबावं. हे बोलताना तुम्ही खुर्चीच्या कडेवर आला असाल, तर मागे टेका.

एवढं सगळं जमलं, आणि समोरचा म्हणाला, "इतकी टाकाऊ आहे म्हणता? मग द्या की वाचायला." इथे खरी परीक्षा. प्रत देण्याआधी एक प्रयोग करा. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा आणि दोन्ही हात सोडून द्या. वाचणाऱ्याची जीभ काहीही बोलो, बांधणी खोटं बोलत नाही. पुस्तक आपोआप ३८८व्या पानावर उघडेल. चौदा वर्षांनी खोलीचं दार उघडतं ते हे पान. कडा काळवंडलेल्या, खालचा कोपरा बोटांनी मऊ झालेला, मधोमध दोन थेंबांएवढा कागद फुगलेला. समासात पेन्सिलीनं 'अरे देवा' लिहिलंय, आणि अक्षर तुमचं आहे.

उपाय आहे. एकशे दहावं, दोनशे सत्तरावं आणि पाचशेवं पान जोर देऊन उघडायचं, तळव्यानं दाबायचं, आणि पुस्तक तसंच पालथं घालून वर दोन रात्री शब्दकोश ठेवायचा. म्हणजे कणा सगळीकडे सारखा मोडतो आणि संशय वाटला जातो. माझ्या प्रतीवर मी हे चार वेळा केलं. ती अजून ३८८वरच उघडते. त्यामुळे कुणी मागितली की मी सांगतो, हरवली.