जागतिक प्रमाण करायचंय? या, बसा राजेहो

राजेहो, लिनक्स ही संगणक चालवणारी खुली ऑपरेटिंग सिस्टिम, अन् तिचे अवतार नाना. त्या साऱ्यांना एकच आंतरराष्ट्रीय प्रमाण पाहिजे, असं तुमच्या मनात आलंय ना? उत्तम. सोयाबीनचा भाव आपल्या हाती नाही, ओलिताची वीज रात्रीच येते. निदान जगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमा तरी आपण सरळ करू. त्यासाठी काय काय करायचं ते सांगतो, मंग म्हणू नका कोणी सांगितलं नाही.

आधी शिक्का महाग ठेवा. 1988 साली आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेनं पॉझिक्स काढलं. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणाच्या सिस्टिमनं प्रोग्रामशी कसं वागावं, याचे ते नियम. नाव सुचवलं मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा घेतलेल्या रिचर्ड स्टॉलमननं, आणि पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेनं त्याला 9945 नंबर दिला. लिनक्सनं त्यातलं बरंचसं उचललं, पण चाचणीचा अन् प्रमाणपत्राचा खर्च कोणी करायचा? बहुतेक लिनक्स बिनशिक्क्याचेच राहिले. 2007 मध्ये युनिक्सचा रीतसर शिक्का कोणी मिरवला, तर अ‍ॅपलच्या मॅकनं.

आता खरा धडा लिनक्स स्टँडर्ड बेसचा, म्हणजे लिनक्सच्या सामाईक प्रमाणाचा. हेतू सोन्यासारखा: प्रोग्राम एकदा बांधला की तो रेड हॅटवर चालावा, सुझेवर चालावा, डेबियनवरही चालावा; ही सारी लिनक्सचीच घराणी. 2001 मध्ये पहिली आवृत्ती आली, 2006 मध्ये आयएसओचा 23360 नंबरही मिळाला. इथून शिका. गावात दोन भावक्या असल्या की ठराव लिहिताना एकीची रीत गुपचूप नियमात घालायची असते. प्रोग्रामचं पॅकेज कोणत्या साच्यात द्यायचं? आरपीएम! डेबियनवाल्यांचा साचा डेब. त्यांना समजूत घालायची की नाराज होऊ नका, आरपीएमचं डेब करून देणारं अवजार आहे, ते वापरा. त्यांनी बरीच वर्षं वापरलंही. 2015 मध्ये मात्र त्यांनी या प्रमाणातून जवळजवळ अंग काढून घेतलं. त्याच वर्षी 5.0 आवृत्ती निघाली आणि तिच्यावर पुढची काही निघालीच नाही.

पण म्हणून हे फसलं असं समजू नका. 2021 मध्ये आयएसओनं याच 5.0 चे भाग नव्यानं प्रसिद्ध केले. पाळणारे पांगले तरी कागद ठणठणीत. आपल्याला यापेक्षा काय पाहिजे?

हां, हे सारं सेवा केंद्रातल्या पोराला सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यानं सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर उतरवलाय, फाइलच्या शेपटाला आरपीएम, अन् मशिनीत डेबियनच्या कुळातला उबुंटू. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, त्यात फोल्डर, त्यात आणखी एक. समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी काकू उभ्या.

“काय झालं बाप्पा, कवाचा पाहून रायला त्या टीव्हीत?”

“काकू, डेब पाह्यजे होतं, आरपीएम आलं.”

“मंग जे आलं त्यानंच भागव ना. एसटी चुकन माही.”

अशा वेळी काकूंना 23360 चा पहिला भाग वाचून दाखवा. एसटी तशीही उशिराच येते.

जोडीला दुसरा उपायही तयार ठेवा. एका दुखण्यावर स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज असे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजांचे तिन्ही वैद्य बोलावले की कुठलंच प्रमाण लागत नाही. प्रत्येक जण बरीचशी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा जोडकोड, आपल्यासोबत घेऊन येतो. टॉवर एक काडी दाखवत असताना ते सारं डाउनलोड व्हायला किती वेळ लागतो, हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा.

एका माणसापासून मात्र सावध. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं कर्नलपुरता, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापुरता, एक साधा दंडक ठेवलाय: कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्राम मोडता कामा नये. त्याला आयएसओचा नंबर नाही. कोणी मोडलं की त्याला चारचौघांत झापतात, अन् बदल मागे घेतला जातो. असलं काही आपल्याकडे शिरू देऊ नका. यात ना उपसमिती निघते ना प्रवासभत्ता.

कोणी युनिकोडचा, म्हणजे साऱ्या लिप्यांच्या एकाच जागतिक प्रमाणाचा, दाखला देईल. कृतीदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेला ग्रामसभेचा जुना ठराव दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन उघडायचा, अन् युनिकोडातला मोबाइलवरही वाचता येतो, असं सांगेल. ऐकून घ्या, मान डोलवा, चहा मागवा. आपला विषय वेगळा आहे म्हणा.

राहता राहिली बैठक. ती जिनिव्हालाच घ्या, आयएसओचं मुख्यालय तिथं आहे. अन् तारीख मे महिन्यातली धरा, तेव्हा आपल्याकडे पारा 45 च्या पुढं असतो. जाताना सेवा केंद्रातल्या त्या पोराला तेवढं सोबत नेऊ नका. तो पहिल्याच सत्रात हात वर करून विचारंल, “साहेब, हे माह्या मशिनीवर चालते का?”