रविवारची राईड शनिवारच्या मेसेजमध्ये ठरते

इंदूरच्या सायकल ग्रुपमध्ये रविवारी जे रुसवेफुगवे होतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा शनिवारच्या मेसेजमध्ये असतं. 'उद्या ५:३०, जानापाव (महूजवळची टेकडी), सगळे या' एवढ्याने भागत नाही. किलोमीटर किती, थांबे कुठे, कोणी मागे पडलं तर थांबणार की नाही, आणि वेग किती, हे लिहायलाच हवं. वेगाचा घोळ तर नेहमीचा. सरासरी ताशी २५ किलोमीटर हवी तर सपाटीवर २८-३० ने चालवावं लागतं, कारण चौक आणि चढ सरासरी खाली आणतात. नवा माणूस २५ चा आकडा वाचून येतो आणि इंदूरबाहेरचं राऊ येईपर्यंतच दमतो. सपाटीवरचा वेग लिहा.

२० जण आले तर दोन गट करा, मध्ये अर्धा किलोमीटर तरी ठेवा. इतकी लांब रांग ट्रकला एका दमात ओलांडता येत नाही, मग समोरून गाडी आली की तो रांगेतच घुसतो. प्रत्येक गटात पुढे लीडर, शेवटी स्वीप. स्वीपला सगळ्यांत दमदार माणूस द्या, कारण पंक्चर काढून पुन्हा गट गाठायचा आणि थकलेल्याला आपल्या आडोशाने वाऱ्यातून आणायचं काम त्याचं. आपल्याकडे दमदार मंडळी पुढे पळतात आणि मागे कोण आहे हे कोणालाच माहीत नसतं. हे मला अजिबात पटत नाही.

पुढच्याच्या पायाचा परिणाम मागे कसा होतो ते बघा. तो गतिरोधक ओलांडून लगेच जोर लावतो तेव्हा दहावा अजून ब्रेक दाबत असतो. मग अंतर भरायला त्याला ३५ ने पळावं लागतं. महूपर्यंत असं पंधरा वेळा झालं की आडोशाने वाचवलेली सगळी ताकद तिथेच जाते. म्हणून गतिरोधकानंतर किंवा वळणानंतर दहा सेकंद हलकं पॅडल मारा, मागून 'सब आ गए' ऐकू आलं की वेग धरा. पुढे यायची पाळी आली की मीटर बघून आधीचाच वेग ठेवा. अरुंद रस्त्यावर पाळी बदलूच नका, थांब्यावर बदला.

आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही नेऊ नका. सायकलचा तोल हँडल बारीक हलवत राहिल्यानेच राहतो. चाकाला चाक टेकलं की हँडल त्या बाजूला वळू शकत नाही, आणि पडतो तो मागचा. नव्यांनी एका सायकलीचं अंतर ठेवावं आणि नजर चाकावर नाही, पुढच्याच्या खांद्यांवर ठेवावी. चढावर उभं राहताना पॅडलवरचा जोर क्षणभर सुटतो आणि सायकल वीतभर मागे येते. आधी एक गिअर जड करा, पॅडल खाली दाबतानाच उठा. वेग कमी करायचा तर पॅडल थांबवून पाठ सरळ करून बसा, वारा आपोआप रोखतो. ब्रेक शेवटी.

हाका एकाच भाषेत ठरवा. आपल्या गटांत मराठी-हिंदी दोन्ही मंडळी, त्यामुळे 'गड्ढा' सगळ्यांना पटकन कळतं. नुसतं 'गाडी' ओरडू नका, 'पीछे गाडी' की 'आगे गाडी' ते सांगा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते, तिलाही हाक हवी, कारण ओली झाली की तिच्यावर चाक सरकतं. चमकणारा मागचा दिवा फक्त स्वीपचा, बाकीच्यांचा स्थिर. डोळ्यांसमोर दहा दिवे लुकलुकले तर खड्डा दिसत नाही.

चढावर गट फुटणारच, फुटू द्या. माथ्यावर थांबा, पण शेवटचा पोहोचला की लगेच निघू नका. त्यालाही पाच मिनिटं द्या, नाहीतर ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज तोच एकटा विनाविश्रांती राहतो.

ट्यूब ज्याची त्याने आणावी. रोडबाईकच्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हपुरतंच (हवा भरायच्या नळीपुरतंच) असतं, शेजाऱ्याची मोटरसायकलसारख्या जाड श्रेडर व्हॉल्व्हची ट्यूब त्यात जात नाही. आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप प्रेस्टावर बसत नाही, तेव्हा पितळी अडॅप्टर सॅडलखालच्या पिशवीत कायम ठेवा.