तडजोड झाली, आता कागद नीट लिहा

धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा), पांदणीचा (शेतरस्त्याचा) दावा वर्षानुवर्षे कोर्टात कुजवण्यापेक्षा मध्यस्थी बरी, हे आता गावात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. आपल्या विदर्भात तडजोडी मोडतात त्या बेइमानीपेक्षा कागदाच्या ढिलाईनं.

तंटामुक्ती समितीसमोर स्टॅम्प पेपरवर सह्या होतात, चहा होतो. पुढच्या पेरणीला एक जण धुरा कोरतो. मग? तो कागद नुसता करार. अंमलबजावणीसाठी पुन्हा दावाच. तोच समझोता तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीचा) अर्ज करून लोकअदालतीत ठेवला, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे निवाड्याला हुकूमनाम्याचं (कोर्टाच्या निकालाच्या आदेशाचं) बळ येतं. अपील नाही, थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. दावा आधीच चालू असेल तर मध्यस्थी केंद्रातला समझोता न्यायाधीशांपुढे जातो आणि तिथं तडजोड हुकूमनामा होतो.

हद्दीचा वाद असेल तर बसण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या. अंदाजानं मिटवलेली हद्द पावसाळाही काढत नाही. "रस्ता देण्याचे ठरले" या वाक्याला तर काही अर्थच नाही. कोणत्या गटातून, कोणत्या बाजूनं, किती फूट रुंद? बैलगाडीपुरता की ट्रॅक्टर-हार्वेस्टरही जाणार? उभी पऱ्हाटी (कपाशी) असताना काय? दगड कोण रोवणार, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कुणाचा? "पीक निघाल्यावर" लिहू नका. तारीख लिहा.

वाटणीत सगळ्यात मोठा घोळ सह्यांचा. दोघं भाऊ सही करतात, सासरी गेलेल्या बहिणींना कुणी विचारतच नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींनाही मुलाइतकाच हक्क दिल्यानंतर हे चालत नाही; त्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोड लागतं. हिस्सेदारांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर चालू दाव्यात कोर्टाची परवानगी हवी. आणि दाव्यात नसलेला गट तडजोडीत घुसवला, तर तेवढ्यासाठी नोंदणी करावी लागते. ही चूक वकीलही करतात!

लवादाचं (दोघांनी नेमलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याचं) म्हणाल तर ठेकेदारी, भागीदारीत तो शोभतो. लेखी करार लागतो, लवादाची फी दोघांनी भरायची, शिवाय निवाड्याला तीन महिन्यांत आव्हान देता येतं. दोन तासांच्या (नांगराच्या ओळींच्या) जमिनीसाठी एवढा खटाटोप कशाला?

मालकी किंवा हिस्सा बदलत असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत तलाठ्याकडे द्या (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावाला तो तलाठीच), अर्जाची पोच घ्या आणि फेरफार (हक्कबदलाची नोंद) मंजूर होऊन सातबारावर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.