चार कार्यक्रमांना एक बॅग पुरते

सामान कमी नेलं की माणूस गबाळा दिसणार, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. म्हणून तर नाशिकहून पुण्याला दोन दिवसांच्या लग्नाला निघालेल्या घरातसुद्धा माणशी एक मोठी बॅग, वर दोन पिशव्या आणि साड्यांचा वेगळा गठ्ठा असतो. मला हे अजिबात पटत नाही. कपडा अंगाला नीट बसलेला असावा, त्याला इस्त्री असावी आणि पायात स्वच्छ चप्पल असावी. बघणाऱ्याच्या नजरेत एवढंच भरतं, बॅगेत उरलेल्या पाच साड्या कुणाला दिसत नाहीत.

रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेऊ देते, पण नाशिकरोडचा पूल चढताना ते उचलायचं आपल्यालाच असतं. ओझरहून विमानाने गेलात तर सहसा १५ किलो आत टाकायला आणि ७ किलो हातात. बहुतेक लग्नं आणि कामाचे दौरे त्या हातातल्या ७ किलोंत आरामात बसतात, असं माझं ठाम मत आहे.

साडी जड, म्हणून बॅग जड, असं बायका म्हणतात. खरं तर साडीपेक्षा तिच्यासोबतचा पसारा जास्त होतो. प्रत्येक साडीला वेगळा परकर, वेगळा ब्लाउज, वेगळी चप्पल, वेगळा सेट. मी साड्या निवडतानाच एका परकरावर आणि एका ब्लाउजवर बसतील अशा निवडते. मरून काठाची येवल्याची पैठणी आणि मरून काठाचीच राखाडी माहेश्वरी घेतली की मरून सिल्कचा एकच ब्लाउज दोन्हींना चालतो. आत घामाचे पॅड लावायचे आणि रात्री तो वाऱ्यावर टांगायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालण्यासारखा होतो. माहेश्वरी रेशीम आणि सुताची असते, वजनाला हलकी आणि संध्याकाळच्या दिव्यांत छान खुलते. पैठणी मात्र मलमलच्या कापडात गुंडाळून सगळ्यात वर ठेवावी. एकाच घडीवर जरीची तार सतत दुमडत राहिली तर तिथे तुटते, म्हणून घरी परतल्यावर घडी बदलायची. अत्तर किंवा स्प्रे जरीवर अजिबात नको.

कापडाची पारख हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि त्याकडेच कुणी लक्ष देत नाही. लिनन दुकानात सुरेख दिसतं, पण त्याच्या धाग्यात लवचिकपणा कमी, पडलेली चुणी तशीच राहते. पुण्याच्या बसमध्ये बसलात तर सिन्नर येईपर्यंत कुर्ता मागून चुरगळलेला असतो. क्रेपच्या धाग्याला भरपूर पीळ असतो, त्यामुळे घडी उलगडली की कापड पुन्हा सरळ पडतं. प्रवासाच्या दिवशी अंगावर क्रेप किंवा जरा जाड विणीचं सुती घालावं. बाकीच्या कपड्यांच्या चुण्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत टांगले तर बऱ्याच उतरतात.

पुरुषांचं काम सोपं आहे. एक गडद पँट, दोन फिके शर्ट, एक कुर्ता आणि वर नेहरू जॅकेट. जॅकेट आणि बूट प्रवासात अंगावरच घालायचे, म्हणजे बॅगेतली जागा वाचते.

आपल्या हवेचाही विचार हवा. डिसेंबरात सकाळी पंचवटी एक्सप्रेसला उभं राहताना नाशिकरोडला हुडहुडी भरते आणि दुपारी मुंबईत घाम निथळतो. जाड स्वेटर कशाला? चांगली लोकरीची शाल घ्या. सकाळी पांघरायला होते आणि संध्याकाळी साडीवर ऐटीत शोभते.

एवढं सगळं जमलं तरी बॅग फुगते, कारण मनात भीती असते की मागच्या लग्नातल्या फोटोत हीच साडी होती. असू दे ना! पैठणी विणायला कारागिराचे कित्येक दिवस, कधी महिने जातात. ती एकदा नेसून कपाटात ठेवायची म्हणजे त्या हातांचा अपमान आहे असं मला वाटतं. आपल्या आज्यांनी एकच शालू घरातल्या सगळ्या लग्नांत नेसला आणि त्या कधीच कमी दिसल्या नाहीत.

आणि आता लग्नघरांना एक कळकळीची विनंती. हळदीला पिवळं, मेंदीला हिरवं, संगीतला निळं, रिसेप्शनला आणखी काही, अशी रंगांची यादी पत्रिकेसोबत व्हॉट्सअ‍ॅपवर येते. बाहेरगावच्या पाहुण्यावर तो खर्च पडतो आणि ओझंही. ज्याला परवडत नाही तो कारण न सांगता येणंच टाळतो, हे मी जवळच्या लोकांत पाहिलंय. रंग ठेवायचाच असेल तर एका कार्यक्रमाला ठेवा, बाकी वेळी पाहुण्यांना त्यांच्या आवडीचं नेसू द्या.